लिएनवरची माणसं

२८ मे

आज आदेश हातात पडला. इंग्रजीत तीन वाक्यं, आणि तिसऱ्यात माझ्या नावापुढे 'लिएन' असा शब्द. सोबतच्या मराठी प्रतीत त्यालाच 'धारणाधिकार' म्हटलं आहे, म्हणजे आगीतून फुफाट्यात. जेवणाच्या सुट्टीत शब्दकोश काढला. त्यात अर्थ दिलाय: येणं वसूल होईपर्यंत दुसऱ्याची वस्तू अडकवून ठेवण्याचा हक्क. म्हणजे गॅरेजवाला बिल मिळेपर्यंत गाडी सोडत नाही, तसं काहीतरी. मी चक्रावलो. सरकारी रुग्णालयाच्या कृत्रिम अवयव विभागात मी आजवर लोकांचे पाय बनवले. आता रजा घेतल्यासारखा एका मित्राच्या कारखान्यात जातोय. जाताना मी नक्की कोणाचं काय अडकवून ठेवतोय?

भाऊसाहेबांकडे गेलो. हे आमचे हेडक्लार्क. त्यांना शब्दाचा अर्थ विचारला की ते आधी चष्मा पुसतात आणि मग आपल्याला.

"शब्दकोश उघडायला सांगितलं कोणी?" ते म्हणाले. "तो लिएन सावकाराचा. आपला नोकरीतला. तुम्ही बसच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकता की नाही? आणि मग दारातून आरामात चढता? तो रुमाल म्हणजे लिएन. एक वर्ष मिळालंय, अर्ज केलात तर आणखी एक मिळेल. जा, फिरा, बाहेरची हवा खा. जागा तुमची. मधल्या काळात कोणी बसलं तरी तुम्ही आलात की त्याने उठायचं."

"आणि मी आलोच नाही तर?"

"तर रुमाल उचलला असं लिहून द्यायचं. पण तसं कोणी लिहून देत नाही हो. मी तरी अजून पाहिलं नाही."

माझा जीव भांड्यात पडला. माणसाने धाडस जरूर करावं, पण खाली गादी घालून करावं, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे.

ऑफिसात या शब्दाचा उच्चार सगळे 'लीन' असाच करतात. सासूबाईंच्या कानावर गेलंच. फोन करून विचारत होत्या, "जावईबापू लीन झाले म्हणे? कोणाच्या चरणी?"

२ जून

माझ्या जागी येणाऱ्या बाई आज हजर झाल्या. बदली तंत्रज्ञ असल्याने दुपारपर्यंत त्यांचं नाव 'बदलीच्या बाई' असं पडूनसुद्धा गेलं. इतकी वर्षं इथे तिथे कंत्राटावर काम केलंय म्हणाल्या. हात चांगला आहे. प्लास्टरच्या साच्यावर कानस अशी फिरवतात की आवाजावरून कळावं, कुठे थांबायचं ते यांना ठाऊक आहे. मी सगळं दाखवलं: कुठलं हत्यार कुठे, कुठल्या पेशंटला बोलून रमवायचं आणि कुठल्याला गप्प बसून.

निघताना त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही नक्की परत येणार ना?"

"अर्थात," मी म्हणालो. "वर्ष काय, हां हां म्हणता जाईल."

त्यांनी मान डोलावली. नवीन माणसाला इतक्या लवकर आपला आधार वाटावा, याचं मला बरं वाटलं.

९ जून

नवं गाव, नवी खोली. खिडकीखाली टायर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे दिवसभर हवा भरल्याचा आणि सोडल्याचा आवाज. एक सूटकेस आणली आहे. कपाट रिकामं आहे, पण कपडे सूटकेसमध्येच ठेवलेत. लागेल तसा काढायचा, धुऊन परत ठेवायचा. उगाच पसारा कशाला?

कारखाना म्हणजे एक लांबट शेड. भागीदार माझा कोर्समधला जुना दोस्त, पैलवान. फुंकर मारली तर उडेल असा काटकुळा आहे, म्हणून पैलवान. त्याने नोकरी केव्हाच सोडली. लिएन वगैरे काही न घेता, सरळ राजीनामा. त्याच्या डोक्यात एकच आहे: लहान मुलांचे पाय. मूल वाढतं, पाय वाढत नाही, म्हणून दरवर्षी नवा बनवावा लागतो, आणि सरकारी रांगेत नंबर येईपर्यंत मुलाचं माप पुन्हा बदललेलं असतं. त्याला ही रांग मोडायची आहे. कल्पना उत्तम आहे. म्हणून तर आलो.

आल्या आल्या त्याने मिठी मारली. "आता आपण दोघं आहोत," म्हणाला.

"एक वर्ष तरी आहोतच," मी म्हणालो. तो हसला, पण उशिरा हसला.

२१ जून

हिचा फोन. ही तिकडेच क्वार्टरमध्ये आहे. तिची शाळेतली नोकरी, आणि माझा लिएन आहे तोवर क्वार्टर आपलंच. विचारत होती, "अहो, बैठकीचे पडदे विरलेत. नवे शिवू का?"

"थांब जरा," मी म्हणालो. "पुढचं काय ते ठरू दे."

"मग तिकडच्या खोलीला शिवू?"

"तिकडे कशाला? मी काय तिथे कायमचा थोडाच आहे?"

"म्हणजे तुम्ही दोन्हीकडे पाहुणेच," ही म्हणाली. हिला शब्दात पकडायची सवय आहे. शाळेत मुलांचे निबंध तपासून तपासून लागलेली.

१७ ऑगस्ट

एक कंडक्टर येतात. अपघातात उजवा पाय गुडघ्याखाली गेला. माणूस मोठा दिलदार. आल्यावर शेडमधल्या सगळ्यांना 'पुढे सरका, पुढे सरका' करतो. त्यांचा पाय मी केला आहे आणि माझ्या आजवरच्या कामातला हा चांगल्यांपैकी आहे. पण दोन दांड्यांच्या मधे उभे केले की सगळा भार हातांवर आणि डाव्या पायावर. नवा पाय नुसता जमिनीला लावून ठेवतात. पाहुण्याला ओट्यावर बसवतात तसा.

"भार टाका," मी म्हणालो. "पूर्ण."

"टाकलाय की साहेब."

"हाताची बोटं बघा, पांढरी पडलीत. पायाला अंदाज घेत विचारू नका, तू मला धरशील का म्हणून. आधी उभे राहा, मग तो धरतो."

हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. पाय कितीही चांगला बनवा, माणसाने त्याच्यावर विश्वास टाकला नाही तर ते लाकूडच. हे लोकांना का कळत नाही, कळत नाही.

५ ऑक्टोबर

बदलीच्या बाईंचा फोन. एका पेशंटच्या सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला पाय ज्या पेल्यात बसतो त्यात, गुडघ्याच्या जरा खाली टोचतंय म्हणाल्या. मी सांगितलं, आतून नाही, बाहेरच्या कडेला जागा द्या. "तसंच केलंय सर, आता टोचत नाही," त्या म्हणाल्या. मग फोन कशाला केला होता, ते मला समजलं नाही. शेवटी जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "सर, तुमचं यायचं काही ठरलं का? यंदा याल?"

"बघू," मी म्हणालो. "तुम्ही काळजी करू नका."

"नाही, काळजी नाही. नुसतं कळलं असतं तर. बाकी तुमचं सगळं आहे तसंच आहे."

बिचाऱ्यांना एकटीने झेपत नसावं. कबूल कसं करणार? मी गेल्यावर विभागाचं कसं होईल याची मला चिंता होतीच.

१२ नोव्हेंबर

कंडक्टरांच्या घरी जाऊन आलो. शेडमध्ये आता बरे चालतात, पण बायको म्हणाली घरी कुरकुर करतात. दार उघडलं तर दारामागे कुबडी! धुऊनपुसून, रबराचं नवं बूच बसवून उभी केलेली.

मला रागच आला. "ही अजून इथे काय करतेय?"

"असू द्या हो साहेब. अडीनडीला."

"अडीनडी कसली? ही दारामागे आहे तोवर तुमचा पाय तुमचा होणार नाही. तुम्ही विसराल, पण तुमचं अंग विसरत नाही. त्याला माहीत असतं की दारामागे ती आहे."

त्यांची बायको जोरात मान हलवत होती. मी कुबडी सरळ काखोटीला मारली आणि घेऊन आलो. रस्त्याने लोक बघत होते, धडधाकट माणूस कुबडी घेऊन का चाललाय. आता ती शेडच्या कोपऱ्यात आहे.

संध्याकाळी भाऊसाहेबांना फोन केला. लिएन वाढवायचा अर्ज वेळेत करा म्हणाले, नंतर धावपळ होते. मी म्हटलं, मसुदा तयारच ठेवलाय. वापरायची वेळ येईलच असं नाही, पण अडीनडीला हाताशी असलेला बरा.

१४ डिसेंबर

आज वाईट झालं. नीट लिहून काढतो.

इथल्या मुलांच्या रुग्णालयाला आमचं काम आवडलंय. त्यांची सगळी मुलं आमच्याकडे पाठवायची त्यांची तयारी आहे. अट एकच: कारखान्यात पूर्णवेळ, कायमचा, जबाबदार असा तंत्रज्ञ हवा आणि त्याचं नाव त्यांना द्यायला हवं. दर वर्षी त्याच मुलाचं माप त्याच माणसाने घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. बरोबर आहे. मीही हेच म्हटलं असतं.

पैलवान चहाचे दोन ग्लास घेऊन माझ्या टेबलाशी आला. "तुझं नाव देतोय."

"माझं कसं देणार? मी लिएनवर आहे."

"मग सोड की."

"इतकं सोपं आहे का ते?" मी त्याला समजावून सांगितलं. क्वार्टर, ही, निवृत्ती, कारखान्याचं काही बरंवाईट झालं तर? त्याचं स्वतःचं नाव द्यावं, मी मागे राहून काम करीनच.

"सगळे साचे तू करतोस," तो म्हणाला. "मला मशीन कळतं, मूल कळत नाही. ती लोकं तुझा हात बघून आलीत. मी खोटं नाव देऊ?"

"मग तात्पुरतं म्हणून दे."

"मुलाचा पाय तात्पुरता का?"

मी जरा चिडलो. म्हणालो, "तुझ्यासारखं मागचा पुढचा विचार न करता उडी टाकणं सगळ्यांना जमत नाही." त्याचा चहा तसाच राहिला. संध्याकाळी त्याने रुग्णालयाला फोन करून नकार कळवला, माझ्यासमोरच, अगदी नम्रपणे. माझ्यावर ढकललं नाही. ढकललं असतं तर बरं झालं असतं.

मी चुकीचं काय बोललो, ते अजून माझ्या लक्षात येत नाही. पण जेवण गेलं नाही.

१९ जानेवारी

पैलवान कामापुरतं बोलतो. 'कानस दे', 'लाइट बंद कर'. त्याने एक नवं काढलंय, बाहेरच्या लोकांसमोर मला 'हे आमच्याकडे आलेले आहेत' म्हणतो. पूर्वी 'माझा भागीदार' म्हणायचा.

मुलं येईनाशी झाली. मोठ्या माणसांचं काम आहे, त्यावर शेड चालते.

६ मार्च

कंडक्टर आज ड्यूटीवर हजर झाले आणि तसेच गणवेशात आम्हाला भेटायला आले. खट खट चालत. पैलवान बऱ्याच दिवसांनी हसला. चहा झाला. बोलता बोलता त्यांनी मला विचारलं, "साहेब, तुम्ही सरकारीतून सुटून इकडे आलात ना?"

"सुटून नाही, लिएनवर," मी म्हणालो, आणि भाऊसाहेबांचं रुमालाचं उदाहरण दिलं. वाटलं, बसमधल्या माणसाला पटकन कळेल.

त्यांना कळलं. पण ते उसळलेच. "रुमालाचं नाव काढू नका साहेब! आमची सगळी डोकेदुखी तीच. रुमालवाला खाली पानटपरीवर गप्पा मारतो, आणि इकडे कडेवर पोर घेतलेली बाई त्या रिकाम्या सीटकडे बघत उभी. बसली तरी अर्धी बसते, कधी उठवतील म्हणून. मी तर उचलतो रुमाल आणि म्हणतो, ज्याचं बूड त्याची सीट."

पैलवान इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसलो. पण नोकरीच्या नियमांची आणि बसची तुलना शब्दशः करायची नसते. भाऊसाहेबांनी ती फक्त समजण्यासाठी दिली होती.

२३ मे

लिएन वाढला! आणखी एक वर्ष. भाऊसाहेबांनी वरच्या ऑफिसात दोन फेऱ्या मारल्या म्हणून झालं, नाहीतर तिकडे फाइल कुठे दडपली असती देव जाणे. हिला फोन केला. ही म्हणाली, "बरं." मी म्हटलं, आनंद नाही झाला का? "पडद्यांना झाला असेल," म्हणाली. "आणखी एक वर्ष टिकायचं आहे त्यांना."

बाईंनाही मीच कळवलं. पलीकडे कानशीचा आवाज थांबला. मला वाटलं लाइन गेली.

"हॅलो?"

"अभिनंदन, सर," त्या म्हणाल्या.

"तुमचंही एक वर्ष वाढलंच की," मी म्हणालो. "माझ्यामुळे तुम्हालाही मुदतवाढ."

"हो, सर." आणि मग, "सर, भाऊसाहेब काही बोलले नाहीत का तुम्हाला?"

"कशाबद्दल?"

"नाही, काही नाही."

पैलवानाला सांगितलं नाही. त्याने टेबलावरचा आदेश वाचला असावा, कारण दुपारी तो आपण होऊन म्हणाला, "अजून एक वर्ष पाहुणचार तर." आणि माझ्यासाठी चहा ओतला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मला तेच लागलं.

११ ऑगस्ट

क्वार्टरवर आलोय. वाढीव मुदतीच्या कागदांवर समक्ष सही करायची आहे, शिवाय सेवापुस्तकाचं काहीतरी. घर तसंच आहे. म्हणजे अगदीच तसं. मागच्या वर्षी गळत होता तो नळ गळतोय, त्याच्याखाली तीच बादली. "दुरुस्त का नाही करून घेतला?" मी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, पुढचं ठरू दे," ही म्हणाली. मग जरा वेळाने, भाजी निवडत: "मी काय म्हणते, आपण इथे राहू किंवा तिथे राहू. मला कुठेही चालेल. माझ्या शाळेची तिकडे शाखा आहे, मी विचारून ठेवलंय. पण एकदा काय ते कुठेतरी राहू या हो."

ही बाई एरवी टोमणे मारते. आज मारला नाही. मी उठून नळाखालची बादली रिकामी करून आलो.

१२ ऑगस्ट

सकाळी भाऊसाहेब. मी सही करायला पेन काढलं. ते सहज म्हणाले, "चला, तुमचं मिटलं. बाईंचं मात्र राहिलं."

"काय राहिलं?"

त्यांनी चष्मा पुसला. "तुम्हाला माहीत नाही? जागा मोकळी असती तर त्यांना तिच्यावर कायम करता आलं असतं. अनुभव आहे, वरून शिफारस आहे. पण वयाची अट आहे. पुढच्या महिन्यात त्यांचं वय ती ओलांडतं. त्यानंतर कायम नोकरी नाही, कुठेच नाही. मग तुम्ही परत आलात की त्या घरी."

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"मी सांगणार होतो. त्याच नको म्हणाल्या. सरांचा हक्क आहे, त्यांना संकोच वाटायला नको, म्हणाल्या."

मी म्हणालो, नियम म्हणजे नियम, त्याला मी तरी काय करणार. हे मी खरंच म्हणालो. मग सही न करताच, जरा विभागात डोकावून येतो म्हणून उठलो. खरं तर मला तिथून बाहेर पडायचं होतं.

विभागात शिरलो तर बाई माझ्या टेबलाशी साचा घासत होत्या. मला बघताच ताडकन उठून बाजूला झाल्या. "या सर. बसा."

खिळ्याला माझा एप्रन लटकत होता, धुऊन इस्त्री केलेला. त्याच्या शेजारी भिंतीत दुसरा खिळा नव्हता. बाईंचा एप्रन खिडकीच्या कडीला अडकवलेला. माझा चहाचा मग फडताळात होता तिथेच, मी गेलो तेव्हाचं कॅलेंडर भिंतीवर, त्याच पानावर. आणि टेबलाच्या पायाशी एक कापडी पिशवी. त्यातून कानशीची मूठ डोकावत होती.

"ही तुमची हत्यारं? ड्रॉवरमध्ये का नाही ठेवत?"

"ड्रॉवर तुमचा आहे ना सर. रोज घरी घेऊन जाते. जड नाहीत फार."

मी स्टुलावर बसलो. माझं जुनं स्टूल, बसल्याबरोबर ओळखीचं वाटलं. पाय खाली सोडले तर बुटाला काहीतरी लागलं. वाकून पाहिलं. लाकडाचा ठोकळा. त्याच्यावर प्लास्टरची रिकामी गोणी घडी करून ठेवलेली, आणि तिच्यात पावलांचे दोन खोल खळगे पडलेले.

बाई उंचीने माझ्या खांद्याला लागतात. स्टूल माझ्या उंचीचं. म्हणजे ही बाई वर्षभर माझ्या मापाच्या स्टुलावर लोंबकळत बसून, पाय ठोकळ्यावर टेकवून लोकांच्या पायांची उंची जुळवत होती. तेव्हाच माझं लक्ष गेलं की त्यांच्या कमरेला पट्टा आहे. पाठीचा पट्टा. आम्ही इथेच बनवतो तसला.

"बाई," मी म्हणालो, "एक बोटभर फरक राहिला तर पेशंटची पाठ जाते, हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे? स्टूल खाली का नाही घेतलंत?"

त्या गोंधळल्या. जणू मी त्यांना चोरी का केली नाहीत असं विचारलं होतं. "तुमची उंची लावलेली आहे सर. तुम्ही आलात की पुन्हा लावावी लागली असती. म्हटलं कशाला हलवा."

मला काय वाटलं ते लिहायला हवं. मला लाज वाटली. डोळ्यांत पाणी येईल इतकी लाज. मी काही वाईट केलं नव्हतं, कोणाचं काही हिरावलं नव्हतं, एकही नियम मोडला नव्हता. मी फक्त एक जागा धरून ठेवली होती. आणि माझ्या समोर एक माणूस, ज्याचा हात माझ्या हाताच्या तोडीचा आहे, स्वतःची हत्यारं रोज पिशवीत घालून घरी नेत होतं. मला हिची आठवण झाली, नळाखालची बादली आठवली. पैलवानाचा तो न प्यालेला चहाही.

भाऊसाहेबांकडे परत गेलो आणि म्हणालो, "एक कोरा कागद द्या. आणि मजकूर सांगा, रुमाल उचलण्याचा."

ते बघतच राहिले. "घाई करू नका. उद्या कारखाना बुडाला तर? घरी विचारलंत का?"

"घरी मलाच विचारतायत."

तरी हिला फोन लावला. सगळं सांगितलं. क्वार्टर सोडावं लागेल, तेही. ही म्हणाली, "तिकडच्या खिडकीचं माप घेऊन ठेवा." मी ऑफिसच्या पॅसेजमध्ये उभा राहून हसत होतो आणि रडत होतो, येणारे जाणारे बघत होते.

भाऊसाहेबांना मसुदा येत नव्हता. इतक्या वर्षांत कधी लागलाच नव्हता ना. शेवटी आम्ही दोघांनी मिळून जुळवला. 'या पदावरील माझा धारणाधिकार मी स्वेच्छेने सोडत आहे.' सही केली. तारीख दोनदा तपासली. बाईंच्या मुदतीच्या आत आहे. भाऊसाहेब म्हणाले, ते स्वतः आजच कागद वर घेऊन जातात.

मग पैलवानाला फोन केला. म्हणालो, लिएन सोडला. मुलांच्या रुग्णालयाला पुन्हा विचारून बघ, आणि नाही म्हणाले तरी मी आहे. तो इतकंच म्हणाला, "उद्या लवकर ये. उशीर केलास तर तुझा चहा मी पिणार."

पुन्हा विभागात गेलो. खिळ्यावरचा एप्रन काढून घडी केला, कॅलेंडर उतरवलं, ड्रॉवर रिकामा केला. बाई नुसत्या बघत होत्या. सांगितल्यावर त्यांनी टेबलाची कड धरली.

"मग सर, तुम्ही परत आलात तर कुठे बसणार?"

"बाकावर," मी म्हणालो. "पेशंटच्या."

मग त्यांनी पिशवीतून पाना काढला आणि खाली बसून स्टुलाचा स्क्रू फिरवायला लागल्या. तो गंजून धरलेला, कारण इतकी वर्षं कोणी हलवलाच नव्हता. मी तेल आणलं. त्यांनी पाना धरला, मी स्टूल घट्ट पकडलं, आणि करकरत एकेक आटा सुटत स्टूल खाली आलं. त्यांनी ठोकळा पायाने बाजूला सारला. बसल्या. दोन्ही पावलं फरशीवर पूर्ण टेकली. पाठ हलवून बघितली, आणखी थोडं खाली घेतलं, पुन्हा बसल्या.

अर्धवट राहिलेला साचा समोर होता. त्यांनी कानस उचलली आणि घासायला लागल्या. मी दारातून म्हणालो, "येतो, बाई." त्या उठल्या नाहीत. त्यांना ऐकूसुद्धा आलं नसावं.